आजारातून उठलेल्या सात कोंबड्या

परभणीहून मीरा-भाईंदरला कोणी सहलीला जात नाही. आमच्याकडची माणसे तिथे जातात ती नोकरीसाठी, भाचीच्या बारशाला, किंवा मुलाने घेतलेला फ्लॅट एकदा डोळ्यांनी पाहून यावा म्हणून. मी गेले ती कोंबड्यांसाठी. २००८च्या जानेवारीतली ही गोष्ट. परतल्यावर ज्यांना हे सांगितले त्यांतल्या निम्म्यांना ती थट्टा वाटली. म्हणून त्या तीन दिवसांचा वृत्तान्त घडला तसा लिहून काढते आहे.

माझी धाकटी बहीण सुमेधा पशुवैद्य आहे; पशुवैद्यकीच्या कॉलेजात शिकवते. एकाच शेडमध्ये, एकाच दाण्यापाण्यावर वाढलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांपैकी काही रोगाने मरतात आणि काही त्याच रोगातून उठून चालू लागतात, ते का, हा तिच्या अभ्यासाचा विषय. कारण रक्तात आहे, आईबापांकडून आलेल्या जनुकांत आहे, असा तिचा तर्क होता. तो सिद्ध व्हायचा होता. मी पंचवीस वर्षे कॉलेजात कविता शिकवीत आले. कोंबडी पाळणाऱ्यांसाठी एक सोपी मराठी पुस्तिका लिहून दे, असे तिने मला सांगितले तेव्हा मी तिचा इंग्रजी अहवाल मागितला. ती म्हणाली, "अहवाल नको वाचूस, ताई. आधी कोंबडी मांडीवर घे. मग लिही."

गुरुवार : चेणे

घोडबंदर रस्त्यावर आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. एका अंगाला जंगलाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधून ट्रकांची न तुटणारी ओळ. गावात शिरलो तसे वास एकावर एक येत गेले : आधी डिझेलचा जळका, मग खाडीचा खारा, आणि आंब्याच्या झाडांमागे वळल्यावर भाताच्या तुसाचा कोरडा, गोडसर वास. त्याच्या पोटात दुसरा एक तिखट वास दबा धरून होता, डोळ्यांच्या कडा ओलावणारा. तो आला तशी सुमेधा म्हणाली, "पोचलो."

दोन लांबट शेड एकमेकींना समांतर उभ्या होत्या. बाजूंना जाळी, जाळीवर गुंडाळून ठेवलेले गोणपाटाचे पडदे, आत चुना मारलेली जमीन. दोन्ही रिकाम्या. हजारो पिल्लांच्या कलकलाटासाठी बांधलेली जागा गप्प असली की तिथे आपल्या चपलांचाही आवाज मोठा होतो.

शेडची मालकीण कल्पना पस्तिशीची, शिडशिडीत, बोलताना पदराला हात पुसत राहणारी. घरचे मूळ गाव रायगडात, माणगावच्या पुढे. नवरा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला; उजाडताना जातो तो दिवेलागणीला परततो. कोंबड्यांचा सारा व्याप ती आणि तिची सासू सांभाळत. पिल्ले, खाद्य आणि औषधे एका कंपनीची. जागा, पाणी आणि कष्ट हिचे. पिल्ले सहा आठवड्यांत वाढवून परत द्यायची, अशी पद्धत.

तिची हकिकत तिने चहा गाळता गाळता सांगितली. पावसाळ्यानंतरच्या खेपेला चौथ्या आठवड्यात पिल्ले पिसे फुलवून कोपऱ्यांत बसू लागली. पांढरी, पातळ विष्ठा, मान खाली. गंबोरो, पिल्लांचा साथीचा रोग. पिल्ले पाळणाऱ्या कुणालाही हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. शेड धुऊन, चुना मारून पुढची खेप घेतली. पुन्हा चौथ्याच आठवड्यात तेच. कंपनीचा सुपरवायझर येऊन म्हणाला, पाणी नीट दिले नाही, लस वेळेवर दिली नाही, हात स्वच्छ ठेवला नाही. तेव्हापासून शेड रिकाम्या होत्या. शनिवारी तो पुन्हा येणार होता : पिल्ले घालायची की कल्पनाचे नाव कायमचे काढायचे, हे ठरवायला.

"लस मी दिवस मोजून दिली होती, मॅडम. भिंतीवर खडूने लिहिलंय, बघा अजून," ती सुमेधाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "आजूबाजूच्या बायका म्हणतात, हिच्या हाताखाली जीव टिकत नाही."

"त्या बायांना कामधंदा न्हाय," आतून सासूबाई म्हणाल्या. "हिच्या हाताखाली माझा जीव टिकलाय का न्हाय? मी हाय ना बसलेली?"

सासूबाईंना आम्ही मावशी म्हणू लागलो. सत्तरीच्या आसपासच्या, कानांत जड बुगड्या, आणि नजर अशी की माणूस दारात उभा राहिला की त्याचे वजन करून मोकळ्या होतील.

आम्ही आलो होतो ते सात कोंबड्यांसाठी. दुसऱ्या खेपेत आजारी पडून बऱ्या झालेल्या पक्ष्यांपैकी बहुतेक व्यापाऱ्याच्या गाडीतून गेले. हे सात हाडकुळे म्हणून त्याच्या माणसांनी टाकून दिले. कल्पनाने ते अंगणात पाळले. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने आजार तपासायला आलेल्या सुमेधाच्या एका वर्गमित्राने तेव्हाच बर्फात घालून जपले होते. आता मेलेले आणि वाचलेले, दोहोंचे रक्त शेजारी शेजारी ठेवून पाहता येणार होते. वाचलेले पक्षी मिळणे हीच या अभ्यासातली दुर्मीळ गोष्ट, असे सुमेधा म्हणे. जे बरे होते ते विकले जाते, खाल्ले जाते. आणि उत्तर त्यांच्याच अंगात असते.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. कल्पना एकेक कोंबडी धरून आणी; मी ती मांडीवर घेई. पांढऱ्या पिसांखाली ते शरीर विलक्षण ऊन होते आणि बोटांखाली काळीज इतक्या वेगाने धडधडे की ठोके वेगळे करता येत नसत. बहुतेकींच्या छातीचे हाड मात्र नांगराच्या फाळासारखे हाताला लागे. सुमेधा कोंबडी तोलून वजन लिही, पायात प्लास्टिकची कडी अडकवी आणि मावशींच्या हाती देई. आजारानंतर नीट भरून आलेल्या तिघींना लाल कडी, खुरटलेल्या चौघींना पिवळी. रक्त मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी काढायचे ठरले. ते ताजे असतानाच प्रयोगशाळेत पोचवणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळीच येणार होता.

मावशी सगळे बारकाईने पाहत होत्या. लाल कडीची एक त्यांनी स्वतःही हातावर तोलली. "ही बरी हाय," त्या म्हणाल्या. सुमेधा म्हणाली, "सगळ्यांत चांगली तीच, मावशी."

गुरुवार म्हणून जेवणात वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी होती. आमची जोंधळ्याची भाकरी थापताना घरभर ऐकू येते. ही निमूटपणे होते. उकड काढलेले पीठ पाण्याच्या हाताने फिरत जाते आणि पांढरा, ओला चंद्र तव्यावर उतरतो. बिरड्यातल्या वालांना एक नाजूक कडूपणा होता, जो जिभेवर आधी रुसतो आणि मग राहून जातो.

जेवताना मावशींनी विचारले, "रक्तात काय दिसणार गो तुला?"

"मावशी, घरात पाच पोरं असली आणि गोवर आला, तर पाचांना सारखाच येतो का?"

"न्हाय. माझ्या थोरल्याला नुसता चाटून गेला. मधलीला नेलीन."

सुमेधा अधिक मऊ आवाजात म्हणाली, "तसंच हे. अंगात पहारेकरी असतात. रोग आत शिरला की तो आपला नाही हे त्यांना ओळखता यावं लागतं. ही ओळख कोंबडीला आईबापांकडून मिळते. कुणाला चांगली मिळते, कुणाला कच्ची. आणि या ब्रॉयलरच्या जातीत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त एकच निवडलं : भराभर वाढणारी. झुंजणारी कोण, हे फारसं कुणी बघितलंच नाही."

"म्हणजे माझा हात नाही?" कल्पनाने विचारले.

"ते अजून ठरायचंय," सुमेधा म्हणाली. "हातही असतो, पाणीही असतं, लसही असते. आणि रक्तही असतं. कुणाचा वाटा किती, तेच शोधतेय."

कल्पनाने मान हलवली, आणि माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

शुक्रवार सकाळ : चौक

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उत्तनजवळच्या चौक गावी गेलो. गावठी कोंबड्यांचे रक्तही ब्रॉयलरच्या शेजारी ठेवून पाहायचे होते. भाईंदर पश्चिमेहून निघालेली बस मिठागरांच्या कडेने जाते. त्या चौकोनी पाण्यांत आभाळ तुकड्या-तुकड्यांनी मांडून ठेवल्यासारखे दिसते, आणि बांधांवर मिठाचे ढीग इतके पांढरे की सकाळच्या उन्हात डोळे मिटावेत. मग मुर्धा, राई, मोरवा अशी गावे, क्रूस आणि तुळशी एकाच वळणावर, आणि शेवटी समुद्र.

चौकला बोंबील सुकत घातले होते. बांबूंच्या उंच ओळींवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, वारा आला की एकदम थरथरणारे. त्या वासाचे वर्णन करताना माझ्या गावचे लोक नाक मुरडतील. मला तो उग्र वाटला, पण घाण वाटला नाही. त्यात ऊन होते.

फिलोमिना नावाच्या कोळीण बाईंच्या अंगणात दहाबारा कोंबड्या मासळीचे तुकडे टिपत होत्या. तांबड्या, कबऱ्या, एक तर बोडक्या मानेची, अगदी कुणी मफलर काढून घेतल्यासारखी. सुमेधाने तिच्याकडे बोट दाखवून विचारले, ही कधी आजारी पडली होती का.

"ती? ती आजारी परत न्हाय. ती आम्हाला आजारी पारते, एवरी खाते," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "दोन वर्सां मागं त्या बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या, तवा लोक बोलले कोंबऱ्या मारा. मी बोलली, आधी हिला एक शिंक येऊ दे."

पंखाखालच्या शिरेतून रक्ताचे दोन थेंब काढताना ती बोडकी कोंबडी माझ्या हातावर अशी चोच मारून गेली की तिची खूण मी परभणीपर्यंत नेली. गावठी पक्षी हळू वाढतो, सुमेधाने मला परतीच्या बसमध्ये सांगितले. जो रोगाला तोंड देऊ शकला नाही तो अंडी घालायला उरला नाही, एवढीच त्याची निवड, आणि ती कुणा माणसाने केलेली नाही. मी ते वहीत लिहून घेतले. पुस्तिकेतले ते माझे पहिले चांगले वाक्य.

शुक्रवार दुपार : पुन्हा चेणे

काशीमिऱ्याच्या नाक्यावर कल्पना भेटली. ती काशीगावात दळण घेऊन आली होती. आम्ही तिघी एकाच रिक्षाने परतलो. घराच्या आधी रस्त्यावर वास आला. भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा, आणि त्याखाली लवंग-दालचिनीचा तापलेला.

"आज शुक्रवार," कल्पना हसून म्हणाली. "आई काल म्हणालेल्या, पाहुण्यांना नुसत्या वालावर कसं पाठवायचं."

मावशींनी पाट मांडून ठेवले होते. ताटात वड्यांची चळत, मातीच्या तवलीतून वाढलेला काळसर लाल रस्सा, वर तरंगणारे तेलाचे तांबूस वर्तुळ. आमच्याकडचा रस्सा तिखटाने बोलतो. हा खोबऱ्याने बोलत होता, तिखट मागाहून येई, पाहुणा बसला का हे पाहून मग आत येणाऱ्या यजमानासारखे. मांस घट्ट होते, दुकानातल्या कोंबडीसारखे सुटून येणारे नव्हे. सुमेधाने दुसऱ्यांदा वाढून घेतले. "मावशी, ही गावठी का?" तिने विचारले.

"न्हाय गो. तुझीच."

सुमेधाचा हात ताटावरच थांबला.

मावशी उठल्या आणि खिडकीतून दोन लाल कड्या घेऊन आल्या. धुऊन, पुसून स्वच्छ केलेल्या. त्यांनी त्या सुमेधाच्या ताटाशेजारी ठेवल्या. "हे तुझे दागिने. फेकले न्हाय मी."

मग कल्पना म्हणाली, "आई. काय केलंत हे."

"काय केलं म्हंजे? काल पाव्हणीनं मांडीवर घेतली, तोलली, चांगली म्हणाली, माझ्या हातात दिली. आमच्या घरात पाव्हण्यानं तोलून दिलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवत न्हाईत. माझ्या सासूनं ठेवली न्हाय, मी ठेवीन? दोघी बहिणी, म्हणून दोन घेतल्या. लाल कडी घालून तूच निवडलीस."

त्यांच्या घराची रीत ती होती : घरी चार कोंबड्या असल्या तर पाहुण्याने स्वतः एक हाती घेऊन पसंत करायची. आम्ही आदल्या संध्याकाळी, एकामागून एक, सात वेळा ती रीत पार पाडली होती. आणि त्यांनी त्या सातांतून मोठ्या मनाने सर्वांत चांगल्या दोन उचलल्या होत्या.

"अहो, त्यांच्यावरच सगळं होतं," कल्पना म्हणाली. "उद्या तो कंपनीचा माणूस येणार. त्याला काय दाखवू? हाडं?"

मावशींचा चेहरा त्या वेळी उतरला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि हातातला डाव उगाच पुसत राहिल्या. माझ्या तोंडात अजून दालचिनीची चव होती.

सुमेधा उठली, हात धुऊन आली, आणि मावशींच्या समोर उकिडवी बसली. "मावशी, पिसं कुठं टाकली?"

"गरम पाण्यात घालून काढली ती खड्ड्यात, राखेखाली."

"सगळी?"

"पंखांची मोठी न्हाय. ती कोरडीच उपटते मी, आधी. मशीनच्या फटीतला कचरा काढायला बरी पडतात."

शिवणयंत्राच्या खाली सुपात ती पिसे होती. पांढरी, लांब, कोरडी, आणि काहींच्या मुळांशी ओला, तांबूस गर. सुमेधाने चिमट्याने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरले. त्या गरात जे असते ते रक्तातही असते, ती म्हणाली. उकळते पाणी न लागलेले मूळ मिळाले, तर काम होण्याची आशा आहे. खात्री नाही. कोणते पीस कोणत्या कोंबडीचे हे प्रयोगशाळेत वेगळे करता येईल. पुढचा तासभर आम्ही दोघी पिसे निवडत बसलो. मी पाकिटांवर नोंदी लिहिल्या. माझ्या अक्षराचा माझ्या आयुष्यातला तो सर्वांत जपून केलेला उपयोग असावा.

उरलेल्या पाचांचे रक्त काढताना कल्पनाने कोंबड्या धरल्या. मावशी दूर ओट्यावर बसल्या होत्या. सुमेधाने एक त्यांच्याकडे द्यायला हात पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आता तुझ्या हातातून कोंबडी घेणार न्हाय, बाय. खाली सोड." कल्पनाला हसू आले.

शनिवार : चेणे

सुपरवायझर दहाच्या सुमारास मोटरसायकलवरून आला. भोईर त्याचे आडनाव. चाळिशीचा, थकलेला, हेल्मेट मांडीवर ठेवून बसणारा. तो दुष्ट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी होते.

"मॅडम, सीधी गोष्ट आहे," तो सुमेधाला म्हणाला. "पिल्लं आमची, फीड आमचं, मेडिसिन आमचं. बाकीच्या फार्मवर बरं चाललंय. इथंच दोनदा झालं. मग मी वर काय सांगणार?"

"इथं दोन्ही वेळेला आलेली पिल्लं कोणत्या कळपाची होती? आईबाप कोणते?"

"ते हॅचरीवाल्यांना ठाऊक."

"खोक्यांवर खूण असते. तुमच्या पावतीवरही असेल."

त्याने नाखुशीने पिशवीतून पावत्या काढल्या, बोटाला थुंकी लावून चाळल्या. मग दोन बाजूला काढून बराच वेळ पाहत राहिला. दोन्ही खेपांची पिल्ले एकाच पालक-कळपाची होती. त्याच्या बाकीच्या शेतकऱ्यांकडे दोन कळपांची मिसळून गेली होती.

कल्पना दारात उभी होती. तिने ते ऐकले, आणि सुमेधाकडे पाहिले. त्या क्षणी माझ्या बहिणीने होकार दिला असता तर कोणीही तिला खोटे ठरवले नसते. ती म्हणाली, "कल्पनाताईंचा दोष नाही असं मी आज म्हणू शकत नाही. तपासणीला दोन-तीन महिने लागतील, आणि नमुनेही कमी झालेत."

कल्पनाने पदर तोंडाशी नेला.

"पण तो आहे, असं तुम्हीही म्हणू शकत नाही," सुमेधा भोईरला म्हणाली. "या दोन पावत्या हातात असताना तर नाहीच. एक करा. एका शेडमध्ये या कळपाची पिल्लं घाला, दुसऱ्या शेडमध्ये दुसऱ्या कळपाची. दाणा तोच, पाणी तेच, लस एकाच दिवशी, आणि बघणारीही तीच. मग बोलू."

भोईर हेल्मेटवर बोटे वाजवत राहिला. उत्तर मात्र कल्पनाकडून आले. "म्हणजे माझ्या एका शेडमध्ये मरणारी घालायची?"

"मरतीलच असं नाही. पण हो. त्या बाजूला धोका जास्त आहे."

ती बाहेर गेली. आम्ही तिला दोन्ही शेडमधून फिरताना जाळीतून पाहत होतो. एका शेडच्या टोकापर्यंत, मग दुसरीच्या. परत आली तेव्हा तिचा आवाज शांत होता.

"घाला. पण कुठली कुठल्या शेडमध्ये ते मला सांगू नका."

"का?" भोईरने विचारले.

"मला कळलं तर माझा हात एकीकडे जास्त फिरेल. कच्ची आहेत म्हणून मी तिकडेच बसून राहीन. नाहीतर मरणारीच आहेत म्हणून सोडून देईन. माणसाचं काय सांगता येतं?"

हे आम्ही पोरांना दोन वर्षं घसा फोडून शिकवतो, सुमेधा मला नंतर म्हणाली.

ठरले ते कागदावर मी लिहिले, कारण तिथे मराठी नेटके लिहिणारी मीच होते. पाच ओळी. भोईरने वाचून एका जागी बोट ठेवले. "मॅडम, हे 'उभय' काढा. वरचे साहेब मला विचारतील." मी 'दोन्ही' लिहिले. खोक्यांवरच्या खुणा तो झाकून आणणार होता; कोणत्या शेडमध्ये कोणता कळप याची चिठ्ठी त्याने पाकिटात घातली, पाकीट चिकटवले आणि सही केली. निघताना मावशींनी त्याला घावन खायला थांबवले, तो थांबलाही. शनिवार होता म्हणून कोंबडीचा विषय निघाला नाही.

परभणी

घरी पोचल्यावर मी पुस्तिका लिहायला घेतली आणि पहिली दहा पाने फाडली. त्यांत शब्द सुंदर होते आणि कोंबडी नव्हती.

तपासणीचे निकाल मार्च अखेरीस आले. पिसांपैकी एका कोंबडीची कामाला आली, दुसरीची नाही. वाचलेल्या सहांपैकी चौघींच्या जनुकांत एक विशिष्ट ठेवण सापडली, पहारेकऱ्यांच्या ओळखीशी निगडित. मेलेल्यांत ती क्वचितच होती. पण दोन मेलेल्या पक्ष्यांतही होती. "कल आहे," सुमेधा म्हणाली. "पुरावा म्हणायला पक्षी फार थोडे आहेत." दुसरी लाल कडी हाती असती तर काय झाले असते, हे तिने बोलून दाखवले नाही, आणि मी विचारले नाही.

एप्रिलच्या उन्हात एका दुपारी कल्पनाचा फोन आला. खेप पूर्ण झाली होती. चौथ्या आठवड्यात पहिल्या शेडमध्ये पिल्ले पुन्हा पिसे फुलवून बसली. दुसऱ्या शेडमध्येही आजार शिरला. पण थोडी गेली आणि बाकीची उठून दाणे टिपू लागली. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना ती प्रत्येक वेळी चपला बदलत होती, हात धूत होती, दारातल्या चुन्यात पाय ठेवीत होती. शेवटच्या दिवशी भोईरने पाकीट फोडले. पहिल्या शेडमधली पिल्ले त्या जुन्या कळपाची होती.

"तो काय म्हणाला?" मी विचारले.

"काही नाही. पुढच्या खेपेला दोन्हीकडं दुसऱ्या कळपाची पाठवतो म्हणाला. ती कालच आली. माझं नाव राहिलं, ताई."

मी आनंदाचे काही बोलणार होते. पलीकडे तिच्या मागून पिल्लांचा, लांबचा, पावसासारखा एकसारखा आवाज येत होता.

"बरं वाटलं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "हाताखाली जीव टिकत नाही म्हणणाऱ्या बायांनाही आईंनी जाऊन सांगितलं. पण त्या पहिल्या शेडमध्ये सकाळी मेलेली गोळा करायला मीच जायची ना. पाण्याच्या भांड्यापाशी येऊन बसलेली असायची, पिण्याआधीच गेलेली. माझं काही चुकलं नव्हतं, हे आता कळलं. पण त्यांचं तरी काय चुकलं होतं?"

या प्रश्नाला सुमेधाच्या अहवालात जागा नव्हती. पुस्तिकेतही नव्हती, तिथे लसीचे दिवस, चुन्याचे प्रमाण आणि खोक्यांवरची खूण पाहण्याची सूचना एवढेच बसले. म्हणून तो येथे लिहिला.